काठ कोणाचा? वैनगंगेच्या तीरावरील झाडोऱ्याची कथा

बालाघाट हे नाव उच्चारले की मराठी वाचकाच्या मनासमोर दोन निरनिराळे प्रदेश उभे राहतात. एक बीड, धाराशिव, लातूरकडची उघडीबोडकी डोंगररांग आणि दुसरा मध्य प्रदेशातील, गोंदियाच्या उत्तरेस लागून असलेला जिल्हा. नावाचा अर्थ दोन्हीकडे एकच, घाटावरचा मुलूख. पर्जन्याच्या बाबतीत मात्र या दोघांत काही साम्य नाही. पहिल्या बालाघाटात उगम पावणाऱ्या मांजरेवरील धरण आटले तेव्हा २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी न्यावे लागले. दुसऱ्या बालाघाटात आजही सालवनांच्या दाट रांगा आहेत. असे असता, कोरड्या मुलखातील नद्यांच्या काठचा झाडोरा परत कसा आणावा या प्रश्नाचा विचार आम्ही या दुसऱ्या बालाघाटापासून का आरंभितो, असे वाचक विचारतील.

त्याला कारणे दोन आहेत. पाऊस भरपूर असला तरी तो चार महिन्यांत कोसळून जातो, आणि चैत्र-वैशाखात या जिल्ह्यातील कितीतरी ओढे-नाले वाळूच्या पट्ट्याहून अधिक काही उरत नाहीत. त्या दिवसांत काठावरचे झाड आकाशातल्या पाण्यावर जगत नसून वाळूखालच्या पाण्यावर जगते, आणि या एका गोष्टीत वैनगंगेचा काठ व बिंदुसरेचा काठ सारखेच आहेत. दुसरे कारण असे की, येथे काठाच्या मालकीचा प्रवास १८६७पासून बराचसा कागदावर आलेला आहे. झाडोरा कसा गेला हे नीट कळल्यावाचून तो परत कसा यावा हे सांगू जाणे आम्हास धाडसाचे वाटते. अलीकडे हे धाडस फार होऊ लागले आहे.

प्रथम काठाचे झाड म्हणजे काय ते पाहू. अर्जुन, ज्याला या भागात कहू म्हणतात, त्याशिवाय जांभूळ, करंज, उंबर, वाळुंज, झुडपांपैकी निर्गुडी, खडकाळ पात्रात शेरणी, वाळवंटात झाऊ, अशी ही मंडळी. यांना नदीकाठी कोणी लावलेले नाही. कहूचे फळ पाच पाखी असते, हलके असते, उन्हाळ्यात पिकून गळते आणि पावसाळ्याच्या पाण्याबरोबर वाहत जाऊन ओसरत्या पुराच्या गाळात रुजते. करंजाची शेंग तरंगते. जांभूळ अगदी पावसाच्या तोंडावर पिकते, आणि त्याचे बी फार दिवस टिकत नाही. लगेच ओल मिळाली तर रुजावे, नाहीतर मरावे, असा त्याचा बाणा. उंबराची पेरणी पाखरे आणि वटवाघळे करतात. म्हणजे या झाडांची पेरणी करणारा शेतकरी म्हणजे पूर, आणि त्यांचे शेत म्हणजे पुराने आणून टाकलेला ताजा गाळ. या झाडांचे वयच मुळी नदीच्या वागण्याशी बांधलेले असते.

आपल्या पूर्वजांना या नात्याची जाण होती. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उदकार्गल नावाचा अध्याय आहे. निर्जल प्रदेशात अमुक वृक्ष दिसला तर त्याच्या अमुक दिशेस, इतक्या हातांवर, इतके पुरुष खोल खणावे म्हणजे पाणी लागेल, असा त्याचा विषय. वेतस, जांभूळ, उंबर, अर्जुन ही त्यातील पहिल्या काही वृक्षांची नावे. त्या प्राचीन गणितातील अंतरे आजच्या भूजलशास्त्रज्ञास मान्य होतील किंवा न होतील. आम्हास त्यातील विचाराची दिशा महत्त्वाची वाटते. त्याच्या लेखी झाड ही पाण्याची खूण होती, म्हणजे आधी पाणी आणि मग झाड. आजच्या वृक्षारोपणाच्या फलकांवर हाच क्रम उलटा लिहिलेला असतो: झाड लावा, पाणी येईल. डोंगरउतारावर या म्हणण्यात तथ्य आहेच. नदीकाठी मात्र ते अर्धेच खरे आहे.

आता नदीकडे वळू. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते, बालाघाट जिल्ह्यात शिरते, पुढे काही अंतर मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांची सीमा होऊन वाहते आणि भंडारा, गडचिरोली ओलांडून वर्धेला मिळते. तेथून ती प्राणहिता या नावाने गोदावरीस जाते. याच जिल्ह्याच्या बैहर पठारावरची बंजर मात्र उत्तरेस नर्मदेकडे धावते. एकाच तालुक्यात पडलेल्या पावसाचे काही पाणी बंगालच्या उपसागरास आणि काही अरबी समुद्रास जावे, ही या जिल्ह्याची गंमत.

१८६७मध्ये भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा करण्यात आला. वरचे पठार त्यावेळी बहुतांश रान होते. परसवाड्याच्या पठारावर लछमन नाईक याने एकोणिसाव्या शतकात पहिली गावे वसविली, असे तत्कालीन नोंदी सांगतात. नव्या सरकारास दोन गोष्टी हव्या होत्या, शेतसारा आणि लाकूड. कॅप्टन जेम्स फोर्साइथचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळच्या वनाधिकाऱ्यांची दृष्टी समजण्यास तो पुरेसा आहे. साल हे मोलाचे झाड, डोंगर हे त्याचे घर, आणि बैगांची बेवर म्हणजे फिरती शेती हा त्याचा शत्रू, अशी ती मांडणी होती. डोंगरावरील झाडे गेली की झरे आटतात, हा सिद्धान्त तेव्हा युरोपात व हिंदुस्थानात जोरात होता, आणि त्याच्या आधारे बेवरीवर निर्बंध आले. १८९०मध्ये आजच्या दिंडोरी जिल्ह्यात बैगा चक आखून तेवढ्यातच ती करण्याची मुभा उरली. व्हेरियर एल्विन यांचा १९३९चा बैगांवरील ग्रंथ या साऱ्याची करुण बाजू सांगतो. नांगर म्हणजे धरणीमातेच्या छातीवर घाव, असे मानणाऱ्या लोकांना नांगर धरावयास लावले गेले. झरे आटल्याचा दोष बेवरीवर आला खरा, पण १९०३ ते १९०५ या काळात गोंदिया, बालाघाट, नैनपूर, जबलपूर ही बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंद लोहवाट झाली आणि लाकडास बाजाराचा रस्ता मिळाला, त्याविषयी तसा रोष कोणी व्यक्त केल्याचे आमच्या वाचनात नाही. असो.

आमच्या विषयास यातून मिळणारा मुद्दा निराळाच आहे. राखीव जंगलाची रेघ डोंगरात ओढली गेली. खालच्या सपाट खोऱ्यातील गावे १८६०च्या दशकातील जमाबंदीने मालगुजारांच्या मालकीची झाली, आणि त्या गावांतील पडीक, गायरान, झाडी व नदीकाठ हे सारे त्यांच्या खात्यात गेले. ज्या झाडांच्या आधारावर झऱ्यांचे रक्षण करावयाचे, त्यांतील डोंगरची झाडे सरकारी झाली आणि काठची झाडे खासगी. वनखात्याच्या नकाशावर नदीकाठ हा झाडोऱ्याचा स्वतंत्र प्रकार म्हणून नव्हताच. जे नकाशावर नाही त्याची देखभालही कोणी करीत नाही. आमच्या मते काठाच्या उपेक्षेचे मूळ येथे आहे, कुऱ्हाडीत नव्हे.

तरीही काठ बेवारस नव्हता. कागदावर मालक मालगुजार असला तरी काठावर वावरणारे लोक वेगळे होते. धीवर-ढीमर मासे धरीत, होड्या चालवीत, आणि पाणी उतरल्यावर वाळूत डांगरवाड्या लावीत. टरबूज, डांगर, काकडी ही उन्हाळी पिके वाळूखालच्या त्याच ओलीवर येत जिच्यावर कहू जगे. शिवाय कोसा. टसरच्या किड्यास ऐन आणि कहू या झाडांची पाने लागतात, आणि भंडारा-चंद्रपूरपासून बालाघाटपर्यंतच्या पट्ट्यात हे किडे झाडांवर सोडून, पाखरांपासून राखून, कोश उतरविण्याचे काम मुख्यतः याच समाजाकडे होते. ज्याचा कोसा कहूवर आहे तो कहू तोडीत नाही. फांदी छाटतो, नवी पालवी येऊ देतो. वारासिवनीच्या हातमागाला २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा विणकरांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. कोशाच्या झाडाची आणि ते राखणाऱ्या माणसाची आठवणही त्या निमित्ताने व्हावयास हरकत नव्हती.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा प्रदेश मोडून काढला. १९०१च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे सव्वातीन लाख भरली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे पंधरा टक्क्यांची घट. जेथे एरवी पाणी मुबलक तेथे माणसे अन्नावाचून मरावीत, हे दृश्य पाहिल्यावर पाटबंधाऱ्यांचा आग्रह सुरू झाला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात वैनगंगेवर ढुटी येथे बंधारा बांधून कालवे काढले गेले. स्वातंत्र्यानंतर वरच्या अंगास भीमगढचे संजय सरोवर झाले, शेजारी बाग व बावनथडी हे आंतरराज्य प्रकल्प झाले, खाली भंडाऱ्यात गोसीखुर्द. या धरणांची गरज नाकारण्याचा अविचार आम्ही करणार नाही. ज्या जिल्ह्याने १८९७ पाहिले त्यास तो अधिकारच नाही. पण धरणाने पाण्याबरोबर पुराचा ऋतूही बदलला. धरण आधी भरते. म्हणून आषाढातले बेताचे पूर, जे बी आणि गाळ हळुवारपणे काठावर ठेवून जात, ते अडतात. पाणी सुटते ते धरण भरल्यावर, एकदम आणि प्रचंड. २०२०च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेस आलेल्या महापुरात बालाघाटपासून गडचिरोलीपर्यंतच्या काठांनी हे अनुभवले. अशा पुराने बी रुजत नाही. रुजलेले रोप मात्र उपटून जाते.

मालकीची कथा मधल्या काळात पुढे सरकली होती. मालकी हक्क निर्मूलनाच्या १९५०च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि काठ सरकारजमा झाला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या प्रांताचे खोरे असे विभागले गेले. नदी जेथे सीमा आहे तेथे उजवा काठ एका राज्याचा, डावा दुसऱ्याचा. एका काठावर एक महसूल संहिता, दुसऱ्यावर दुसरी. मध्य प्रदेशाच्या १९५९च्या भू-राजस्व संहितेच्या कलम २४०मध्ये जमिनीची धूप टाळण्यासाठी वृक्षतोडीवर निर्बंध घालण्याचा अधिकार शासनास दिलेला आहे, आणि निस्तार-पत्रकात गावाचे हक्क नोंदविण्याची तरतूदही आहे. कायदा वाईट नव्हता. परंतु मालगुजाराच्या काळी निदान कोणाला विचारावयाचे हे ठाऊक होते. आता महसूल, वन, पाटबंधारे, खनिज, पंचायत अशी पाच दारे झाली, आणि पाचही दारांवर पाटी एकच: हा विषय आमचा नाही.

त्यांतील खनिजाचे दार मात्र लवकरच सताड उघडले. वैनगंगेची वाळू बांधकामास उत्तम म्हणून तिची ख्याती आहे आणि नागपूरसारखे वाढते शहर जवळ आहे. वाळू हा नदीचा मळ नव्हे. तीत पाणी मुरलेले राहते, आणि काठाच्या मातीतील ओल पात्रातील वाळूच्या पातळीशी जोडलेली असते. पात्र दोन पुरुष खोल गेले की काठातील पाणीही खाली उतरते. जुन्या कहूच्या मुळ्या त्याच्या मागोमाग खाली जाऊ शकतात. दोन वर्षांच्या रोपास ते साधत नाही. म्हणून मोठी झाडे उभी असलेल्या काठावरही त्यांच्याखाली लेकरे दिसत नाहीत, हे दृश्य ज्यांनी लक्षपूर्वक पाहिले त्यांना त्याचा अर्थ सांगावयास नको. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२मध्ये दीपककुमार प्रकरणी लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली, २०१६मध्ये केंद्राने वाळूउपशाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. रात्रीच्या ट्रॅक्टरांनी ती वाचली असावीत असे दिसत नाही.

रिकामा काठ रिकामा राहत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. कहू-करंज गेल्यावर ओलीच्या जागी बेशरम आली. हे दक्षिण अमेरिकेकडचे झुडूप, फुले सुंदर, कुंपणास सोयीचे, गुरे तोंड लावीत नाहीत आणि तोडलेली काडी जिथे पडेल तिथे उगवते. लोकांनी ठेवलेले नाव किती यथार्थ आहे पाहा. कोरड्या बालाघाटाकडे ही जागा वेड्या बाभळीने घेतली. दुरून पाहणाऱ्यास काठ हिरवा दिसतो. उपग्रहाच्या चित्रातही तो हिरवाच दिसेल.

आणि मग आली वृक्षारोपणाची लाट. डिसेंबर २०१६ ते मे २०१७ या काळात मध्य प्रदेशात नर्मदा सेवा यात्रा निघाली आणि २ जुलै २०१७ रोजी नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत साडेसहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे सरकारने जाहीर केले. काठालगतच्या शेतकऱ्याने फळझाडे लावावीत व झाड फळास येईपर्यंत त्यास भरपाई मिळावी, ही त्यातील कल्पना खरोखर विचारी होती. काठाची जमीन कोणाची तरी आहे आणि तिच्यावर कोणाचे तरी पोट आहे, एवढे तरी तीत मानले गेले. पण लक्षात राहिला तो आकडा. पुढे सरकार बदलले, त्या आकड्याच्या चौकशीची भाषा झाली, आणि झाडांची गोष्ट पक्षांची गोष्ट झाली. महाराष्ट्राने २०१९मध्ये तेहतीस कोटींचा संकल्प केला; त्याचीही कथा फार निराळी नाही. बारा तासांत कोटी खड्डे भरता येतील. पण नदीकाठचे रोप मोजावयाचे ते तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, आणि त्या दिवशी समारंभ नसतो.

परदेशात काय घडले ते थोडे सांगणे येथे उपयोगी होईल, कारण तेथेही आधी चुकाच झाल्या. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेत काठ धुपू नयेत म्हणून आपल्याकडील झाऊचे भाईबंद नेऊन लावले गेले. ते इतके माजले की कोलोरॅडो, रिओ ग्रांदे यांचे काठ त्यांनी व्यापले. त्यांच्या नाशासाठी २००१मध्ये आशियातून आणलेला भुंगेरा सोडला गेला. तो नेमका त्या झाऊंवर येऊन पडला ज्यांत एक दुर्मिळ माशीमार पक्षी, त्याची वाळुंजे नाहीशी झाल्यामुळे, नाइलाजाने घरटी करू लागला होता. २०१०मध्ये कृषिखात्याने भुंगेरे सोडणे थांबविले. परकी झाडे काढण्याआधी देशी झाडे उभी असावी लागतात, एवढा साधा धडा घेण्यास त्यांना शतक लागले. आपल्या बेशरमीच्या बाबतीतही तो लागू आहे.

परंतु तेथील दुसरा प्रयोग आम्हास अधिक मोलाचा वाटतो. कोलोरॅडो नदीचे पाणी धरणांनी इतके वाटून घेतले की मेक्सिकोत समुद्राला मिळण्यापूर्वीच ती कोरडी पडे. दोन देशांनी २०१२मध्ये करार केला आणि २३ मार्च २०१४पासून सुमारे आठ आठवडे मोरेलोस धरणातून मुद्दाम पूर सोडला. सुमारे तेरा कोटी घनमीटर पाणी, म्हणजे नदीच्या जुन्या मानाने अगदी अल्प. वेळ निवडली होती ती कॉटनवुड व वाळुंज यांचे बी उडण्याची. काही जागी आधीच झाऊ काढून जमीन मोकळी केली होती, आणि तेथे गाळात त्या झाडांची रोपे आपोआप उगवली. त्या जागी खड्डा, रोप, पिंजरा, टँकर काही लागले नाही. दोन परक्या राष्ट्रांना जे जमले ते एकेकाळच्या एकाच प्रांताच्या दोन तुकड्यांना जमावयास हरकत नसावी. बाग व बावनथडीच्या पाण्याची वाटणी त्यांनी केलीच आहे. त्या वाटणीत सिंचनाचा हिस्सा आहे, काठाचा नाही.

वैनगंगेसाठी याचा अर्थ फार गूढ नाही. धरणातून आषाढात, कहूची फळे आणि जांभळाचे बी काठावर असताना, बेताचा एखादा पूर सोडणे हे पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकात बसविण्याजोगे काम आहे. ज्या पट्ट्यात जुनी झाडे उभी आहेत तेथील वाळू काही वर्षे अजिबात न उचलणे, हे खनिज खात्याच्या. त्या पट्ट्यात गुरे पहिले दोन-तीन उन्हाळे न शिरू देणे हे ग्रामसभेचे काम, आणि ती ते करील, जर कहूवरील कोशाचा हक्क निस्तार-पत्रकात धीवरांच्या नावे लिहिला गेला आणि डांगरवाडीच्या वाळूवर त्यांचा उन्हाळी ताबा मान्य झाला तर. रोपे लावावयाचीच असतील तर ती तेथे, जिथे काठ पुरता बोडका आहे आणि वरून बी येण्याची आशा नाही. आणि तीही कहू, करंज, निर्गुडी, शेरणी यांची, गुलमोहराची नव्हे.

कोरड्या बालाघाटातही, मांजरा-तेरणा-सिंदफणेच्या काठी, क्रम हाच राहील. फक्त तेथे चूक सोसण्याइतकी ओल मातीत नसते. वैनगंगेस अजून ती आहे. ढुटीच्या खालच्या अंगास, लांजीकडच्या ओढ्यांवर, बंजरच्या वळणांवर म्हातारे कहू उभे आहेत आणि दर उन्हाळ्यात त्यांची पाचपाखी फळे वाळूवर पडत आहेत.